हरलेल्यानं गावाकडं जायचं

येळवस जवळ आली की धाराशिवच्या बाजारात भाजीवाल्यांचा सूर बदलतो. एरवी मेथीची जुडी घ्या म्हणून मागं लागणारी माणसं त्या दोन दिवसांत सावकारासारखी बसून असतात. तुरीच्या ओल्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, चुका, कांद्याची पात, सगळं एकत्र शिजवून भज्जी करायची म्हणून लोक दोन-दोन पिशव्या घेऊन फिरतात. भाव कोणी विचारत नाही. पुण्याच्या लोकांना मी पूर्वी समजावून सांगायचो, की मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमचं अख्खं शहर घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातं, ज्याला शेत नाही त्याला दुसरा कोणीतरी बोलावतो, आणि त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ते म्हणायचे, म्हणजे हुरडा पार्टी का? आता मी समजावणं सोडलंय.

मला मात्र या दिवसांत भज्जीच्या आणि आंबिलाच्याही आधी एक दुसराच वास आठवतो. तापलेल्या प्लॅस्टिकचा. काकांच्या घरी टीव्हीखाली लाल-पांढरं यंत्र असायचं, व्हिडिओ गेमचं. त्यात पिवळी कॅसेट घालायची, चित्र आलं नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. फुंकर मारण्यात माझ्या दादाचा हातखंडा होता. मी मारली की चित्र यायचंच नाही, आणि तो म्हणायचा की माझ्या फुंकरीत थुंकीच जास्त असते.

त्या कॅसेटीत गाड्या होत्या, बंदुका होत्या, पण आम्ही खेळायचो तो बास्केटबॉल. का, ते सांगता येणार नाही. आमच्या वाशी तालुक्यातल्या गावात तो खेळ कोणी बघितलेला नव्हता. शाळेत खो-खो, कबड्डी, बस. आम्ही त्याला टोपलीचा खेळ म्हणायचो. तळ फुटलेल्या टोपलीत चेंडू टाकण्यात कसला पराक्रम, हा प्रश्न दोघांनाही पडला होता. पण तो आवाज अजून कानात आहे. चेंडू आपटल्याची टुकटुक, बूट घासल्याची चिरचिर, आणि चेंडू आत पडला की पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा प्रेक्षकांचा गलका. त्या खेळाडूंना नाकडोळे नव्हते. लाल कपड्यातला मी असायचो आणि निळ्या कपड्यातला दादा. लाल नेहमी जिंकायचा.

काय होतं ते आधीच सांगून टाकतो. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघा भावांना काकांकडं पाठवलं होतं. मी तिसरीत, दादा सातवीत. काका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. शिकून इथं शहरात कचेरीत लागलेले, लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात मूल नाही. अण्णांच्या घरी दोन मुलगे. थोरांनी बसून सरळ वाटणी केली होती, एक इकडं, एक तिकडं. कोणता, ते मात्र ठरवलं नाही. दोघांनाही पाठवू आणि जो रमेल तो राहील, असं ठरलं. तो गेम त्यासाठीच आणलेला होता. बाजारातून नवा बैल आणला की पहिले काही दिवस त्याला चांगली वैरण टाकतात, म्हणजे तो जुन्या गोठ्याकडं पळत नाही. आमची वैरण पिवळ्या रंगाची होती.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मोठा होताना तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. कळल्यावर मी फार तमाशा केला नाही, कारण दादालाही ते माहीत नव्हतं असं मी समजत होतो. फसवलं ते थोरांनी, आणि फसलो ते आम्ही दोघं भाऊ. एकाला घर सोडावं लागलं, दुसऱ्याला भाऊ. असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, यंदाच्या येळवशीपर्यंत.

उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा बरेच दिवस लोकांची जीभ अडखळत होती. एसटीत कंडक्टर जुनं नाव घ्यायचा आणि स्वतःच हसायचा. मी मनात म्हणायचो, एवढ्यात दमलात? मला तिसरीत असताना काकूला आई म्हणायला शिकवलं आणि मायला, सख्ख्या आईला, काकू. माझी जीभ अजून अडखळते. कोणासमोर मायचा उल्लेख करायची वेळ आली की ‘गावाकडची’ म्हणून मी वेळ मारून नेतो. शहरातल्या आईनं मला जीव लावला, तिच्यावर माझा कसलाच राग नाही. ती गेली तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. पण या लेखात मी मायला मायच म्हणणार आहे. इथं मला कोणी दुरुस्त करायला येणार नाही.

तर यंदा येळवशीच्या आठवड्यातच पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं एक खोकं पाठवलं. आत तळहाताएवढं करडं यंत्र, दोन रिमोट, आणि पोटात शेकडो जुने खेळ. कॅसेट नाही, फुंकर नाही. टीव्हीला जोडलं आणि यादीत खाली खाली जात राहिलो. बायको म्हणाली, पन्नाशी जवळ आली की माणसं देवदर्शनाला जातात. तेवढ्यात मला तो टोपलीचा खेळ सापडला. तीच निळी-लाल माणसं, तीच चिरचिर. मला वाटलं होतं की फार आनंद होईल. झालाही. पण एकट्यानं खेळताना शेजारची जागा रिकामी आहे हे सारखं जाणवत होतं, म्हणून दुसरा रिमोट मी तिथं गादीवर ठेवून दिला.

त्या खेळात एक गोष्ट आम्हाला कधी उलगडली नव्हती. चेंडू आत पडला की दोन गुण मिळायचे, पण मधूनच कधीतरी तीन. का तीन, ते मला कळायचं नाही. दादा म्हणायचा, मशिनीची मर्जी. मला ते पटायचं. आमच्याकडं पाऊस, वीज, एसटी, सगळंच कोणाच्या ना कोणाच्या मर्जीवर चालायचं, मग मशिनीनंच काय पाप केलं होतं? तीन मिळाले की मी यंत्राच्या पाया पडायचो. दादा हसायचा नाही. तो कधीच हसायचा नाही, हे आता आठवतं.

सुट्टी संपत आली तसे अण्णा न्यायला आले. बाहेर चहा चालला होता. दादानं मला आतल्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, “एकाला अजून थोडं दिवस ऱ्हाऊ द्या म्हणत्यात. आपुन डाव लावू. जिंकंल त्यानं ऱ्हायचं, हरलेल्यानं गावाकडं जायचं.”

मला वाटलं, राहणं हे बक्षीस आहे. खेळ अगदी बरोबरीत आला होता. शेवटी चेंडू त्याच्याकडं होता, समोर मोकळी टोपली होती, आणि त्यानं तो सरळ मैदानाबाहेर घालवला. मग मी टाकला. मी पलंगावर उड्या मारल्या, काकूनं ओरडायच्या ऐवजी मला उचलून घेतलं. अण्णांनी विचारलं, राहतोस का इथंच? मी व्हय म्हणालो, चांगलं मोठ्यानं म्हणालो. आजही घरात विषय निघाला की कोणीतरी आठवण करून देतंच, तुला विचारलं होतं की रे, तूच व्हय म्हणालास. आणि हे खरं आहे. मला विचारलं होतं. कोणी एका शब्दानं खोटं बोललं नव्हतं. म्हणून तर मला भांडताही आलं नाही.

स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो होतो. दादानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मग आत जाऊन बसला. मी खालून त्याला विचारलं की तू परत कधी येणार, आणि त्यानं मान दुसरीकडं वळवली. हरल्यामुळं रुसलाय, असं मला वाटलं. मला त्याची दया आली. घरी येऊन मी एकटाच खेळत बसलो.

थोडे दिवस म्हणता म्हणता शाळेत नाव घातलं गेलं, थंडी पडली आणि येळवस आली. काका-काकूंबरोबर मी गावाकडं गेलो, नवा स्वेटर आणि काळे बूट घालून. ज्वारी पोटऱ्यात आलेली होती, माझ्या डोक्याच्या वर. शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहान झोपडी, उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेजारी आंबिलाचं मडकं. सगळं मागच्या वर्षीसारखंच. पूजा झाली की घरचा मुलगा लहान मडक्यात आंबील घेऊन शेताभोवती फिरतो आणि पिकावर शिंपतो, त्याला चर शिंपणं म्हणतात. मागून दुसरा कोणी जुनी हाळी देत जातो. तिचा अर्थ गावात कोणालाच माहीत नाही, कानडी असावी. आमच्या शेतात दादा शिंपायचा आणि हाळी माझी असायची. वर्षभरात तेवढी एकच वेळ अशी होती की मी कितीही ओरडलो तरी कोणी गप्प बस म्हणायचं नाही.

दादानं मडकं उचललं तसा मीही उठलो. अण्णा म्हणाले, “तू बस बाळा. पाहुणा हायस आता. बूट खराब व्हतील.”

मी बसलो. मायनं पहिलं ताट मला वाढलं, काकांच्याही आधी, बाजरीच्या उकडलेल्या गोळ्यावर, उंड्यावर, तुपाची धार धरून. पाहुण्याला वाढतात तसं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ताटाकडंच बघत होती. लांबून दादाचा आवाज येत होता. शिंपणंही त्याचंच आणि हाळीही त्याचीच, त्यामुळं मध्येच दम लागून आवाज तुटायचा. ज्वारीच्या वर फक्त मडक्याचा काठ सरकताना दिसत होता. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तो उंडा मी तसाच ताटात ठेवला. तेवढं त्या वयातही कळलं.

त्यानंतर दरवर्षी मी त्या शेतात पाहुणा म्हणून जात आलो. आधी काका-काकूंबरोबर, मग बायकोबरोबर, मग मुलीला घेऊन. आग्रह होतो, पहिलं ताट मिळतं, निघताना हरभऱ्याच्या टहाळ्यांची पेंढी गाडीत ठेवली जाते. अण्णा गेले, दादानं शेत सांभाळलं, मायला सांभाळलं. गावात म्हणतात की माझं सोनं झालं. पगार आहे, घर आहे, पोरगी पुण्याला आहे. दादाचं बघा, कोरडवाहू रान आणि गुडघ्याला पट्टा. पोट भरलेल्या माणसानं रडू नये अशी रीत आहे. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हीसुद्धा म्हण आमच्याच गावात म्हणतात.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी दादा आला. दरवर्षी येतो. फोनवरचं बोलावणं हे काही बोलावणं नव्हे, असं त्याचं म्हणणं. पिशवीभर तुरीच्या शेंगा ओट्यावर ठेवून तो बाहेरच्या खोलीत आला आणि टीव्हीकडं बघून उभाच राहिला. अजून आहे होय हे, म्हणाला. मी निळ्याचा रिमोट त्याच्या हातात दिला. नको नको म्हणत तो गादीवर टेकला, दुखरा गुडघा लांब करून.

पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मग बोलता बोलता, यंदा कोप कोणी बांधली ते सांगता सांगता, त्यानं निळ्या खेळाडूला थांबवलं, एक पाऊल मागं घेतलं आणि लांबून चेंडू टाकला. आत. तीन गुण.

“मशिनीची मर्जी,” मी हसून म्हणालो.

“मर्जी कसली,” तो म्हणाला, “ती रेघ हाय की तिथं. रेघंच्या मागून टाकलं की तीन मिळत्यात.”

आणि पुन्हा तेच केलं. या वेळी मी टीव्हीकडं बघत नव्हतो, त्याच्या अंगठ्याकडं बघत होतो. कुळवाचं रुमणं, ती लाकडी मूठ, धरून धरून जाड झालेला अंगठा, पण त्या बटणावर तो असा हलत होता की जणू मध्ये एकही वर्ष गेलेलं नाही. हे तुला कधी कळलं, मी विचारलं. तवाच की, तो म्हणाला, आणि मग त्याचा अंगठा थांबला. पडद्यावर माझा लाल माणूस चेंडू आपटत उभा राहिला. टुकटुक, टुकटुक.

बायको चहा ठेवून गेली. तो पिईना. शेवटी त्याच्याकडून कळलं, मी दुपारी झोपायचो तेव्हा तो एकटा खेळायचा, आवाज बंद करून. मग माझ्याशी हरायचास कशाला, मी विचारलं. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती. पण मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“अण्णा काकास्नी म्हणत व्हते, म्या दाराआडून ऐकलं,” तो कपाकडं बघत म्हणाला. “दोघातला जो रमंल तो ठिवा म्हणून. मला रमायचं न्हवतं.”

एवढंच.

रागाची पंचाईत अशी झाली की तो ठेवावा कुठं, कळेना. समोर बसलेला माणूस पन्नाशीला टेकलेला, केस पिकलेले, दरवर्षी स्वतः बोलवायला येणारा. आणि मला राग येत होता तो सातवीतल्या एका पोराचा. शहाणी माणसं म्हणतील, त्या पोराला आईजवळ राहायचं होतं, यात त्याचा काय गुन्हा? काही नाही. पण तिसरीतल्या पोरालाही तेच हवं होतं, आणि त्याला डाव काय आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं. थोरांनी फसवलं ते मी गिळलं होतं. थोर तसेच असतात. दादानं फसवलं हे गिळता येत नाही. त्यानं रोज माझ्या शेजारी बसून, माझ्या पाठीवर थाप मारून, मला एकेक बास्केटनं त्या घरात ढकललं. मी आनंदानं ओरडायचो तेव्हा तो हसत नव्हता, कारण तो काम करत होता.

आणि आणखी एक गोष्ट गेली. ती सांगायला लाज वाटते. परीक्षेच्या, मुलाखतीच्या, बदलीच्या वेळी, जेव्हा जेव्हा अवसान गळालं तेव्हा मी मनाशी म्हणायचो, अरे, तू दादाला हरवलेलं आहेस, रोज हरवलंयस. पोरकट आहे, पण तेवढ्यावर मी बरेच प्रसंग काढले. ते नाणं मी इतकी वर्षं खिशात जपून ठेवलं आणि ते खोटं निघालं. आता मागं वळून प्रत्येक जिंकण्याचा वास घेऊन बघावा लागणार, की हे तरी माझं होतं का, की तेव्हाही कोणाला तरी कुठूनतरी सुटायचं होतं.

मी रिमोट उचलला आणि त्याला म्हणालो, एकदा खरं खेळ. तो म्हणाला, आता कशाला. मी म्हणालो, खेळ. माझा आवाज बहुतेक चढला असावा, कारण स्वयंपाकघरातलं भांडी लावणं थांबलं.

तो खरं खेळला. मी जीव तोडून खेळलो, या आठवड्यात रात्रंदिवस सराव केलेला होता, आणि तरी त्यानं मला पार धुऊन काढलं. रेघेमागून टाकायचा, माझ्या हातातला चेंडू काढून घ्यायचा, मी उडी मारली की तो थांबायचा आणि मी खाली आलो की टाकायचा. त्या दिवाळीत आपल्या हाताला किती काय येतंय हे लपवायला त्याला किती कष्ट पडले असतील, असंही मध्येच वाटून गेलं. वेळ संपली. पडद्यावर निळ्या माणसांनी हात वर करून उड्या मारल्या. मी त्यांना तसं करताना कधी बघितलंच नव्हतं.

दादा उठला, पायात चप्पल सरकवत म्हणाला की उद्या लवकर या सगळे, माय वाट बघत असते. मी आत जाऊन एका पिशवीत कपडे घातले आणि बाहेर आलो.

“थांब, मी येतो,” मी म्हणालो. “हरलेल्यानं गावाकडं जायचं. तूच ठरवलं होतंस.”

तो बघत राहिला. उद्या येणारच आहेस की, म्हणाला. उद्या पाहुणा म्हणून येणार होतो, मी म्हणालो, आज हरलो म्हणून येतोय. बायकोला सांगितलं की तू उद्या गाडी घेऊन ये. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

स्टँडवर वाशीची गाडी लागली तशी दादानं खिडकीतून रुमाल टाकला. सवय जात नाही. आत गेलो तर दोघांची जागा धरलेली. मी तिथं बसलो नाही, मागच्या सीटवर जाऊन बसलो. पुढं त्याचं डोकं दिसत होतं, शेजारी रुमाल टाकलेली जागा तशीच मोकळी. येरमाळ्यापर्यंत कोणी बसलं नाही, मग एक म्हातारे गृहस्थ चढले आणि त्यांनी रुमाल उचलून त्याच्या मांडीवर दिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. काही रानांत कोपी बांधून झाल्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. माय अंगणात भज्जीसाठी शेंगा सोलत बसली होती. मला बघून ती लगबगीनं उठली, पदर सावरला, आज कसं काय म्हणाली, एकटाच का म्हणाली, मुक्काम आहे ना म्हणाली. किती आनंद झाला होता तिला. पाहुणा वेळेच्या आधी आला की होतो तेवढा.

हरलोय म्हणून आलो, मी म्हणालो. काय हरलास रे, तिनं विचारलं. दादा माझ्या मागं उभा होता, त्यानं ते ऐकलं आणि तो गोठ्याकडं निघून गेला. काही नाही, मी म्हणालो. मायनं पाय धुवायला पाणी दिलं, आणि घरात जाऊन पेटी उघडल्याचा आवाज आला. नवा टॉवेल घेऊन ती बाहेर आली, घडी न मोडलेला, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली, पाहुण्यांसाठी ठेवतात तसला.

बाजूला दोरीवर दादाचा रोजचा टॉवेल वाळत होता. मध्ये विरलेला, एका बाजूला हळदीचा डाग पडलेला. मी हात लांब करून तो ओढून घेतला.

“आरं, तो दादाचा हाय,” माय म्हणाली.

“असू दे,” मी म्हणालो, आणि तोंड पुसलं. अजून ओला होता.